वेणूबाईचा हंडा आणि पूर्ण भूल

सदूच्या मुलीचे, आवडीचे, लग्न ठरले, म्हणून त्याच्या बहिणीने, विठाने, माळ्यावरची भांडी खाली काढून चिंचेने घासायला घेतली, आणि त्या दिवशी कळले की वेणूबाईचा हंडा घरात नाही.

पराती होत्या, तपेली होती, घंगाळ होते, पोचा आलेली कळशीसुद्धा होती. विठाने सगळी भांडी अंगणात मांडली, परत उचलली, परत मांडली. मग ओटीवर येऊन म्हणाली, "दादा, हंडा कुणाला दिलाय?"

"मला काय ठाव? भांड्यांचं ती बघायची."

ती म्हणजे वेणूबाई. तिला जाऊन वर्ष होत आले होते. सदूने उभ्या संसारात बायकोला नावाने हाक मारली नव्हती. ती होती तेव्हा तो 'अगं' म्हणायचा. आता 'ती' म्हणायचा.

हंडा तिला तिच्या आईने माहेराहून, जांभूळ गावाहून, दिलेला, जाड पितळेचा. गळ्याशी तिचे नाव ठोकून घातलेले. आवडीने सासरी पहिले पाणी याच हंड्यात भरायचे, असे ती आवडी रांगत होती तेव्हापासून सांगत आली होती, आणि शेवटच्या आजारातही तिने सदूकडून तेवढे कबूल करून घेतले होते. पण सोनिवलीत मोठी भांडी एका घरात थोडीच राहतात. कुणाचे बारसे, कुणाची हळद, कुणाचे तेराव्याचे जेवण, भांडी आपली गावभर हिंडत असतात. कोणते भांडे कुठे गेले आहे ते वेणूबाईच्या डोक्यात असायचे. तिला लिहिता येत नव्हते आणि ती कधी विसरत नव्हती, त्यामुळे घरात दुसऱ्या कुणी लक्षात ठेवायची गरजच पडली नव्हती.

दारोदार जाऊन विचारणे शक्य नव्हते. ज्याच्याकडे हंडा असेल तो म्हणाला असता, मी काय चोरला का? आणि ज्याच्याकडे नसेल तोही तेच म्हणाला असता. म्हणून विठाने निराळा उपाय काढला. ती एकेका घरी जायची आणि पाणी मागायची. पाणी आत कशातून काढतात ते मान लांब करून बघायची. त्या आठवड्यात ती इतके पाणी प्याली की तिला जेवण जाईना.

मग सदू निघाला. तो बिडी पेटवायला विस्तव मागायचा आणि विस्तव येईपर्यंत स्वयंपाकघराच्या दारातून आत डोकवायचा. सदू बिडी ओढत नाही हे गावाला माहीत होते. शेजारच्या रखमाबाईंनी त्याला दोन-तीन घरांत असे डोकावताना पाहिले आणि त्यांना जे समजायचे ते त्या समजल्या. "सदूभाऊ, असं चोरून कशाला बघायचं? वांगणीला माझी मावसबहीण हाय. कामाला वाघीण. पोरीचं झालं की तुमचंबी उरकून टाकू," त्या म्हणाल्या. सदूने विस्तव तिथेच टाकला आणि घरी आला. त्यानंतर तो कुणाच्या दारात गेला नाही.

बघायची राहिली होती ती फक्त कणगीची मागची बाजू. अर्धी भरलेली भाताची कणगी सदूने एकट्याने सरकवली. हंडा तिथे नव्हता. सदूच्या जांघेत मात्र उजव्या बाजूला लिंबाएवढे काहीतरी आले आणि ते जाईना.

सदू अंबरनाथला पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात कामाला होता. कामगारांचा विमा तिथे नवाच लागू झाला होता. आजारी पडले तर डॉक्टर फुकट आणि वर विश्रांतीचा पगार, असे ऐकून लोकांना ते खरे वाटत नव्हते, आणि कुणीतरी आधी आजारी पडून बघावे अशी सगळ्यांची इच्छा होती. सदूचा लिंबू कारखान्याच्या डॉक्टरने तपासला, अंतर्गळ म्हणजे हर्निया आहे असे सांगितले आणि सदूला सिंधहून आलेल्या निर्वासितांच्या कॅम्पातल्या इस्पितळात पाठवले.

लष्कराच्या जुन्या बराकीत ते इस्पितळ होते. ऑपरेशन करणारे मोठे डॉक्टर मद्रासकडचे. त्यांना मराठीत 'श्वास घ्या' आणि 'रडू नका' एवढेच येत असे. त्यांनी सदूला तपासून उजवी बाजू आता करू, डावीही कच्ची आहे, ती पुढे कधीतरी बघू, असे दुसऱ्याकडून सांगितले. भूल द्यायला तीन नंबर कॅम्पातले डॉक्टर गोबिंदराम येत. त्यांनी सदूच्या नाकावर कापड लावलेली जाळी ठेवली, तिच्यावर औषधाचे थेंब सोडले आणि म्हणाले, "साईं, गिनती करो. एकपासून."

नुसते आकडे मोजायची सदूला सवय नव्हती. कशाचे तरी मोजायला हवे. त्याने घरातली भांडी मोजायला घेतली. एक परात, दोन पराती, तीन तपेली. घंगाळापर्यंत आल्याचे त्याला आठवत होते. पुढचे काही नाही.

तो जागा झाला तेव्हा इस्पितळातली आया, बनूबाई, उशाशी उभी होती. तिने आधी त्याला ओकायला भांडे दिले आणि मग विचारले, "वेणू कोण हो?"

सदूचे कान तापले. "तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की. वेणू वेणू करून भांडत व्हता. दाराबाहेर ऐकू येत व्हतं. हंडा कुठं, हंडा कुठं."

"मंग? काय म्हणली ती?"

"मला काय ठाव? मी बादली घेऊन भाईर. आत दोन डॉक्टर व्हते."

सदू पडल्या पडल्या विचार करू लागला. मेलेल्या माणसाशी बोलता येत नाही हे त्याला कळत होते. पण ती बोलली असेल तर खोटे बोलणार नाही, हेही त्याला कळत होते. आणि तिने सांगितलेले आपण मोठ्याने म्हटले असणार, कारण तिचे सांगणे परत म्हणून बघायची त्याला सवय होती. बाजारातून काय आणायचे ते तो तसेच लक्षात ठेवायचा. मोठ्या डॉक्टरांना त्यातले काही कळले नसणार. म्हणजे हंडा कुठे आहे हे आता जगात एकाच माणसाला माहीत होते, आणि ते गोबिंदराम डॉक्टर.

बरे वाटू लागल्यावर सदू आधी विश्रांतीचा पगार घ्यायला विम्याच्या कचेरीत गेला. खिडकीपुढे रांग होती. पुढे त्याच्याच खात्यातला चंदू उभा होता. काय झाले, कसे झाले, असे त्याने विचारले आणि सदूने सगळे सांगितले. ऑपरेशन चालू असताना आपण बायकोशी बोललो हे त्याने जरा अभिमानाने सांगितले. रांगेतले लोक ऐकायला जवळ आले.

खिडकीच्या आत श्यामकांत नावाचे तरुण कारकून बसत. विम्याचा कायदा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेले त्या भागात ते एकटेच होते, आणि ते वाचणे वाया जाऊ नये असे त्यांना मनापासून वाटे. त्यांनी लेखणी खाली ठेवली.

"तुम्ही बोलत होता? ऑपरेशन चालू असताना?"

"व्हय साहेब. चांगला भांडत व्हतो."

श्यामकांतांनी त्याला पगार दिला, पुढच्या माणसाला थांबायला सांगितले आणि एक कागद ओढला. सदू आनंदात तीन नंबर कॅम्पाकडे जायच्या तयारीला लागला. पण जांघ दुखत होती म्हणून त्याने आणखी काही दिवस जाऊ दिले, आणि तेवढ्यात श्यामकांतांचा कागद त्याच्या आधी तिथे पोचला.

गोबिंदराम डॉक्टरांनी अर्ध्या बराकीत दवाखाना मांडला होता. उरलेल्या अर्ध्यात त्यांचा भाऊ पापड विकत असे. सिंधमध्ये त्यांचा दोन मजली दवाखाना होता म्हणे. इकडे आल्यापासून ताप-खोकला आणि इस्पितळाने बोलावले तर भूल, एवढ्यावर चालले होते. सदू आत आला तसे ते हसले, "आओ साईं, हंडेवाला," एवढे म्हणाले, आणि मग त्यांना टेबलावरचा कागद दिसला. त्यांचे हसू गेले.

"डॉक्टरसाहेब, मी काय बोललो?"

"तू कुछ नहीं बोला. एकदम शांत."

"पण आत्ताच तुम्ही हंडेवाला म्हणलात."

"सबको बोलता हूँ."

सदू पापडांच्या पाटीशेजारी बसला. हलायचे नाही असे त्याने ठरवले आहे हे डॉक्टरांना दिसले, तेव्हा त्यांनी कागद त्याच्यापुढे धरून आपल्या मराठीत समजावले. विम्याच्या नियमात भूल दोन प्रकारची. पूर्ण भूल असेल तर भूल देणाऱ्याला वेगळी फी. अर्धवट असेल तर नुसती तेवढी जागा बधिर केली असे धरायचे आणि भूल देणाऱ्याला काही द्यायचे नाही. रुग्ण बोलत होता म्हणजे भूल अर्धवट, असे विमा कचेरीचे म्हणणे. "फी गया तो गया. पण डॉक्टर गोबिंदरामचा पेशंट टेबलावर गप्पा मारतो, असं नाव झालं तर मला कोण बोलावेल? मेरे पास और काय हाय?"

"मी कुणाला सांगणार नाय," सदू म्हणाला.

"तू खिडकी पे सबको बता के आया, साईं."

हे खरे होते. आपण केलेली गोष्ट आपणच निस्तरावी म्हणून सदू परत श्यामकांतांकडे गेला आणि आपण बोललो नाही, सगळे मागे घेतो, असे म्हणाला. श्यामकांतांनी त्याला बसायला स्टूल दिले.

"आपण बोललो हे तुम्हाला आठवतं?"

"नाय."

"म्हणजे तुम्ही बेशुद्ध होता."

"व्हय."

"बेशुद्ध माणूस बोलत नाही."

"तेच म्हणतो मी. मी बोललो नाय."

"पण बोललो असं तुम्ही मला सांगितलंत. ते तर शुद्धीत सांगितलंत ना?"

श्यामकांतांना सदूची कणव आली, पण नियम पुढे होता आणि त्यांना तो सांगणे भाग होते. भूल अर्धवट ठरली तर ऑपरेशन किरकोळ ठरते. ऑपरेशन किरकोळ ठरले तर विश्रांतीही किरकोळ ठरते. मग सदूने घेतलेल्या पगारातला मोठा भाग परत करावा लागेल. तो पगार विठाने लग्नाच्या तांदळात आणि लुगड्यांत कधीच घातला होता.

आता गंमत अशी झाली की आपण काय बोललो हे कळल्याशिवाय सदूला चैन नव्हते, आणि आपण एक अक्षरही बोललो नाही असे शपथेवर सांगितल्याशिवाय त्याची सुटका नव्हती.

चौकशी अंबरनाथच्या कचेरीत झाली. सदूने आपल्याला काही आठवत नाही असे सांगितले, आणि ते खरेच होते. डॉक्टरांनी रुग्ण शांत होता असे सांगितले. मग बनूबाई आली. तिला आधी कुणी काही समजावले नव्हते. तिने वेणूपासून हंड्यापर्यंत सगळे सांगितले. मग दोघांचे पडलेले चेहरे पाहून तिच्या लक्षात काहीतरी आले, आणि ती म्हणाली, "पण आवाज कुणाचा ते मी कसं सांगू? मी भाईर व्हते. डॉक्टरबी माणसंच हायेत."

श्यामकांत डॉक्टरांकडे वळले. "हंडा हंडा कोण म्हणत होतं?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मैं बोला."

"तुम्ही?"

"माझ्या बायकोचा हंडा हरवला होता."

"आणि वेणू?"

"माझी बायको."

सदूने खुर्चीचा हात घट्ट धरला. जे नाव त्याने स्वतः जागेपणी कधी तोंडावाटे काढले नव्हते, ते हा माणूस भर कचेरीत आपल्या बायकोचे म्हणून सांगत होता. त्याला उठून काहीतरी बोलावेसे वाटले. पण तांदूळ आठवले, लुगडी आठवली, पापडांची पाटी आठवली. तो बसून राहिला.

"पत्नी तिथं हजर होत्या?" श्यामकांतांनी विचारले.

"नाही. घरी."

"मग तुमच्याशी बोलत कोण होतं?"

"कोणी नाही. मी एकटाच बोलत होता."

"सवय आहे?"

"आहे."

श्यामकांतांनी बराच वेळ नियमांचे पुस्तक चाळले. शेवटी त्यांनी निकाल लिहिला आणि वाचून दाखवला. भूल पूर्ण होती. भूल देणारे डॉक्टर ऑपरेशन चालू असता गैरहजर पत्नीशी हंड्याविषयी बोलत होते, परंतु नियमात त्यास मनाई आढळत नाही. फी मंजूर. विश्रांतीचा पगार कायम.

बाहेर पडल्यावर सदू डॉक्टरांना हाताला धरूनच कोपऱ्यावरच्या हॉटेलात घेऊन गेला. चहा सांगितला. डॉक्टरांनी तोंड उघडले, तोच श्यामकांत आत आले आणि दुसरीकडे जागा नव्हती म्हणून त्यांच्याच बाकावर बसले. डॉक्टर पापडांविषयी बोलू लागले. मिरी घातलेला पापड, लसूण घातलेला पापड, उन्हात किती वाळवायचा. सदू हूं हूं करत होता. श्यामकांत बशीत चहा ओतून सावकाश पीत होते. त्यांची बशी संपेना.

अखेर त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "कागद बंद झाला. कचेरीही सुटली. आता मला सांगा, हंडा कुठं आहे म्हणाल्या वेणूबाई?"

डॉक्टरांनी सदूकडे पाहिले. सदूने होकाराची मान हलवली.

"गिनती करता करता थांबला," डॉक्टर म्हणाले. "मग बोलला, वेणू, हंडा कुठे आहे? पोरीचं लग्न आहे. बहुत झगडा किया. मला सांगत नाहीस, मला विचारत नाहीस, सगळं तुझं तू करतेस. अशी न सांगता गेलीस, असं पण बोलला. मग चूप. मला वाटलं, सो गया. मग हसला."

"मी हसलो?"

"हसला. आणि बोलला, 'अस्सं व्हय. मंग ऱ्हाऊ दे.' और सो गया. साहेबांच्या समोर सांगतो, त्याच्यानंतर पूर्ण भूल. एकदम पूर्ण."

हॉटेलवाला पैसे घ्यायला आला आणि परत गेला.

"म्हणजे त्यांनी सांगितलं आणि तुम्हाला ते पटलं," श्यामकांत म्हणाले.

"पटलं असंल."

"पण काय सांगितलं?"

"ते मी म्हणलो नाय वाटतं."

"एवढं सगळं भांडण मोठ्यानं केलंत," श्यामकांत चिडून म्हणाले, "मग तेवढंच मनात ठेवायला काय झालं होतं?"

आपण कशावर हसलो असू याचाच सदू विचार करत होता. ती असे काहीतरी बोलायची खरे, की भांडण चालू असताना हसू यायचे. पण आता त्याला त्यातले एकही आठवत नव्हते.

लग्न वैशाखात झाले. विठाने आपला हंडा आवडीला दिला. तो जरा लहान होता आणि त्यावर विठाचे नाव होते, पण सासरच्या माणसांनी कुणी वाचले नाही. निघताना आवडी बापाच्या कानाशी म्हणाली, "बाबा, आईचा सापडला की आणून द्या."

"आणतो," सदू म्हणाला.

लग्न आटोपल्यावर तो तीन नंबर कॅम्पात गेला. दवाखान्यात जरा तंग वातावरण होते. निकालाची नक्कल डॉक्टरांच्या घरच्या पत्त्यावर गेली होती, आणि त्यांच्या पत्नीने, जिचे नाव पद्मा होते, ती शेजारच्या मुलाकडून वाचून घेतली होती. वेणू कोण, हा प्रश्न त्या घरात अजून मिटला नव्हता. डॉक्टरांनी सदूला हाताला धरून घरात नेले आणि बायकोपुढे उभे केले. सदूने नाव घेऊन सांगितले की वेणू माझी बायको. सांगताना तो अडखळला नाही. पद्माबाईंनी त्याच्यापुढे पापड ठेवला.

मग त्याने डॉक्टरांना विचारले की डाव्या बाजूचे कधी करायचे. डावी दुखते का, असे डॉक्टरांनी विचारले. दुखत नव्हती.

"ह्या बारीला मी हसलो की तुम्ही लगेच विचारायचं, सदू, काय म्हणली ती? मोठ्यानं विचारायचं. मी सांगीन."

डॉक्टरांनी विचार केला आणि विचारीन म्हणून कबूल केले.

श्यामकांतांनी मात्र नियम काढला. त्याच आजाराची दुसरी पूर्ण भूल वर्ष उलटल्याशिवाय मंजूर होत नाही. त्यांनाही त्याचे वाईट वाटले. वर्ष कधी पुरे होते ते त्यांनी स्वतः काढून ठेवले आणि त्या दिवशी इस्पितळात आपणही येऊ, असे सांगितले.

हंडा अजून सापडलेला नाही. उजव्या बाजूचे ऑपरेशन झाले. डाव्या बाजूचे व्हायचे आहे.